मराठीत इस्लामी पुस्तिका काढायची तर: मसलक, हवाले, छपाई आणि वाटप

दीन (धर्म) ताजा करायला पुस्तक वापरणे ही काही आजची कल्पना नाही. अठराव्या शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह (1703–1762) यांनी कुरआनचा फारसी तर्जुमा केला, कारण त्या काळचा शिकलेला मुसलमान फारसी वाचत होता, अरबी नाही. पुढे फारसी मागे पडू लागली तेव्हा त्यांच्याच मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, उर्दू तर्जुमे केले. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी चक्कीनामे झाली, जात्यावर दळता दळता बायकांनी म्हणावीत अशा चालीतली. तिकडे पश्चिम आफ्रिकेत सोकोतोच्या नाना अस्माऊ (1793–1864) यांनी फुलानी आणि हौसा भाषांत पद्ये रचली आणि ती पाठ करून गावोगाव शिकवणाऱ्या बायकांची फळी उभी केली. या सगळ्यांनी वाचणारा किंवा ऐकणारा कोण हे आधी ठरवले, लिहिले नंतर.

महाराष्ट्रात हा प्रश्न जिल्ह्यागणिक बदलतो. मालेगाव, भिवंडीत उर्दू शाळा भरपूर, तिथे उर्दू पुस्तिका चालते. मराठवाड्यात घरात दखनी आणि शाळेत बहुधा मराठी. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यांत अनेक घरांत बोलणेच मराठी. अशा घरातली आजोबांची उर्दू किताब कपाटावर रुमालात बांधलेली असते आणि नातवाला ती वाचता येत नाही. त्या नातवासाठी 32 पानांची, एका विषयाची, पहिल्या खेपेला 500 प्रतींची मराठी पुस्तिका कशी काढायची, ते पुढे सांगितले आहे. जाड ग्रंथाच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नये. तो छापून होतो, पण गठ्ठे मशिदीच्या माळ्यावर राहतात.

विषय लहान घ्या

‘नमाज’ हा 32 पानांचा विषय नाही. ‘सुटलेल्या नमाजा कशा फेडायच्या’ हा आहे. ‘मय्यतीचे गुस्ल (अंघोळ) आणि कफन’, ‘जकातीचा हिशोब’, ‘मेहर: किती, केव्हा, कोणाच्या हातात’, ‘प्रवासातली नमाज’ हेही आहेत. पुस्तिका वाचून त्याच आठवड्यात माणसाला काहीतरी करता आले पाहिजे, अशा बेताने विषय निवडावा. मौलाना अशरफ अली थानवी (1863–1943) यांच्या ‘बहिश्ती जेवर’ची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. घरात राहणाऱ्या, शाळेत न गेलेल्या मुलीसाठी लिहिलेले ते पुस्तक मुळाक्षरांपासून आणि पत्र कसे लिहावे इथपासून सुरू होते, अकीदे (श्रद्धेची तत्त्वे) आणि मसले (आचरणाचे नियम) त्यानंतर येतात. त्यातली काही मते आज कोणाला पटोत न पटोत, वाचणारी कोण हे लेखकाने क्षणभरही नजरेआड होऊ दिलेले नाही.

उम्मतच्या (मुस्लिम समाजाच्या) अधोगतीवर पहिली दहा पाने खर्च करण्याची खोड आपल्याकडे फार आहे. ती पाने काढून टाका. ज्याने पुस्तिका हातात घेतली त्याला आपल्यात काहीतरी सुटले आहे हे माहीत असते, म्हणूनच त्याने ती घेतली.

पानांची वाटणी साधारण अशी ठेवता येते. पान 1 शीर्षक, पान 2 वर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, परवानगी, आणि पान 3 वर (स.), (अलै.), (रजि.), (रह.) या आदराच्या खुणांचा अर्थ. 4 ते 29 मजकूर. पान 30 वर विषयाला लागणाऱ्या एक-दोन दुआ, 31 वर शब्दार्थ आणि 32 वर ‘चूक आढळल्यास कळवा’ म्हणून पत्ता किंवा फोन. डेमी आकारात 13 पॉइंटच्या अक्षराने पानावर साधारण 230 शब्द बसतात, म्हणजे 26 पानांत सहा हजार शब्द. याहून जास्त लिहून आणले की मांडणी करणारा अक्षर 11 पॉइंटवर आणतो, आणि चाळिशी लागलेला वाचक गेलाच.

मसलक आधी ठरवा, मुखपृष्ठावर लिहा

मसलक म्हणजे मसले सांगण्याची परंपरा, जशी हनफी किंवा शाफई. मराठी पुस्तिकांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. महाराष्ट्रात हनफी बहुसंख्य, पण कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई. बाजारात मिळणाऱ्या नमाज-रोज्याच्या बहुतेक उर्दू किताबा हनफी मसलकावर लिहिलेल्या. त्यातलीच एक मराठीत आणून रत्नागिरी-रायगडच्या गावांत वाटली की पुढच्या जुम्याला मशिदीत वाद ठरलेला, आणि त्यात चूक वाचकाची नसते.

फरक किती खोलवर जातो ते वजूवरूनच (नमाजीआधीच्या धुण्यावरूनच) कळेल. हनफी मसलकात वजूचे फर्ज (सक्तीची कृत्ये) चार: चेहरा धुणे, कोपरांसह हात धुणे, डोक्याच्या चौथ्या भागाचा मसह (ओला हात फिरवणे), घोट्यांसह पाय धुणे. शाफईत सहा. या चारांत नियत आणि तरतीब म्हणजे क्रम यांची भर पडते, आणि मसह डोक्याच्या थोड्याशा भागाचा झाला तरी पुरतो. हनफी पुस्तिकेत ‘नियत सुन्नत आहे’, म्हणजे ती सुटली तरी वजू होते, असे छापलेले असते. शाफई वाचकाने ते खरे धरून नियत सोडली तर त्याच्या मसलकाप्रमाणे त्याची वजूच होत नाही.

नमाजीतही तेच. इमामामागे फातिहा (कुरआनची पहिली सूरह) शाफईत पढायची असते, हनफीत मुक्तदी (इमामामागे नमाज पढणारा) गप्प उभा राहतो. फज्रमधली (पहाटेच्या नमाजीतली) कुनूत ही दुआ शाफईत सुन्नत, हनफीत नेहमीच्या फज्रला नाही. वित्र ही रात्रीची नमाज हनफीत वाजिब (जवळजवळ फर्ज), शाफईत सुन्नत. रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलणे शाफईत आहे, हनफीत नाही. अस्रची (तिसऱ्या प्रहरच्या नमाजीची) वेळ शाफईत वस्तूची सावली, भर दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूएवढी झाली की लागते. हनफीच्या प्रचलित मताने ती दुप्पट व्हावी लागते. वेळापत्रकासह पुस्तिका काढणाऱ्यांनी हे फार जपावे. खाण्यापिण्याच्या मसल्यांत समुद्रातल्या जिवांपैकी हनफी मसलक फक्त मासळीला परवानगी देतो, शाफईत मुभा बरीच मोठी. किनाऱ्यावरच्या घरात हा रोजचा प्रश्न असतो.

यावर दोन मसलक शेजारी-शेजारी दोन रकान्यांत छापण्याचा उपाय सुचवला जातो. नवशिक्यासाठी तो वाईट. तो दोन्ही रकान्यांतले सोपे तेवढे उचलतो. त्यापेक्षा मजकूर एकच ठेवून मसल्यांची तीन-चार पाने बदला आणि ‘हनफी मसलकानुसार’, ‘शाफई मसलकानुसार’ अशा दोन वेगळ्या आवृत्त्या काढा. अहले हदीस (कोणत्याही एका मसलकाला न बांधलेल्या) जमातीसाठी लिहायचे असेल तर तेही स्वतंत्र. आणि दुसऱ्या मसलकाचे खंडन करणारे प्रकरण कुठल्याच आवृत्तीत नको. पुस्तिका ज्या घरात जाते तिथे नवरा एका मशिदीत आणि मेहुणा दुसऱ्या मशिदीत जात असतो.

आयती: क्रमांक, लिपी, जेर-जबर

जुन्या उर्दू किताबांत आयतीचा हवाला (संदर्भ) ‘पारा 2, रुकू 7’ असा येतो. पारा म्हणजे कुरआनच्या तीस भागांपैकी एक, आणि इथला रुकू म्हणजे सूरहचा लहान खंड. मराठी वाचक सूरह आणि आयत शोधतो, म्हणून प्रत्येक हवाला बदलून घ्यावा लागतो. भारतीय छपाईच्या कुरआनात समासात ऐन अक्षराची खूण असते. तिच्या वरचा आकडा त्या सूरहमधला रुकू, मधला त्या रुकूतल्या आयतींची संख्या आणि खालचा त्या पाऱ्यातला रुकू. पारा 2 च्या सातव्या रुकूच्या खुणेला वर 23, मध्ये 6 आणि खाली 7 दिसेल. म्हणजे सूरह अल-बकरा, आयती 183 ते 188, रोज्यांच्या. छापायचे ते ‘अल-बकरा 2:183’ असे, सूरहचे नाव आणि आकडे दोन्ही. नुसते आकडे छापले की एखादा टायपात हमखास उलटतो आणि 2:183 चे 2:138 होते. नाव असेल तरी हे पकडणे कठीणच, म्हणून हवाले तपासणारा माणूस वेगळा लागतो. त्याबद्दल पुढे.

‘कुरआनात 6666 आयती आहेत’ हे वाक्य कितीतरी पुस्तिकांत सापडते. हातातल्या कुरआनातच मोजून पाहा: प्रचलित कूफी गणतीने 6236 होतात. असा एक आकडा चुकला की जाणकार वाचक उरलेल्या पुस्तिकेवरही विश्वास ठेवत नाही.

अरबी मजकूर हाताने टाइप करून घेऊ नका. तन्झील या संकेतस्थळावरच्यासारख्या तपासलेल्या युनिकोड मजकुरातून तो उचलावा. जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअर अरबी अक्षरे सुटी करतात किंवा ओळ उलटी लावतात, आणि मराठी मांडणी करणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याला ती चित्रेच दिसतात. इनडिझाइन वापरत असाल तर त्यातला उजवीकडून डावीकडे लिहिण्याचा कंपोझर चालू आहे ना ते पाहा, फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड करा, आणि छापखान्यात फाइल दिल्यावर तिथल्या यंत्रावर उघडलेले पान पुन्हा पाहा. लिपी भारतीय वळणाची ठेवा. मदिना छपाईच्या उस्मानी खतात (लिपीच्या वळणात) सुकून, हमजा आणि वक्फच्या (थांबण्याच्या) खुणा थोड्या वेगळ्या असतात, आणि मकतबमध्ये (लहान मुलांच्या धार्मिक शाळेत) तेरा ओळींच्या कुरआनवर शिकलेला माणूस तिथे अडखळतो.

एका जेर-जबराने (स्वराच्या खुणेने) काय होते याचे ठरलेले उदाहरण सूरह तौबाच्या तिसऱ्या आयतीत आहे. ‘रसूल’ शब्दाच्या शेवटच्या लाम या अक्षरावर पेश (उकाराची खूण) आहे तोवर अर्थ ‘अल्लाह आणि त्याचा रसूल मुश्रिकांपासून (अल्लाहला भागीदार ठरवणाऱ्यांपासून) मुक्त आहेत’ असा. तिथे जेर (इकाराची खूण) पडला की अर्थ ‘अल्लाह मुश्रिकांपासून आणि आपल्या रसूलपासून मुक्त आहे’ असा होतो. छपाईत शाईचा एक ठिपका एवढे करू शकतो.

देवनागरीत अरबी उच्चार देण्याचा मोह आवरावा. ‘अलीम’ असे लिहिले की ते ऐनने लिहिलेले ‘सर्व जाणणारा’ की अलिफने लिहिलेले ‘वेदनादायक’, हे देवनागरीत कळायला मार्ग नाही. पहिले अल्लाहचे नाव, दुसरे अजाबाचे विशेषण. ‘कल्ब’चे तसेच. मोठ्या काफने ते हृदय, लहान काफने कुत्रा. छोट्या दुआंखाली मदत म्हणून उच्चार द्यायला हरकत नाही, पण वर अरबी मूळ हवेच आणि ‘उच्चार हाफिज किंवा मौलानांकडून नीट करून घ्यावा’ ही ओळ हवी. अरबीशिवाय नुसत्या देवनागरीत कुरआन छापणे उलमा मान्य करत नाहीत.

हदीस: ऐकीव काहीच छापू नये

खुत्ब्यात शंभरदा ऐकलेले वाक्य हदीस असतेच असे नाही. ‘इल्म (ज्ञान) मिळवा, त्यासाठी चीनला जावे लागले तरी’ हे मुहद्दिसीनी (हदीसच्या तज्ज्ञांनी) विश्वासार्ह धरलेले नाही. त्याऐवजी ‘इल्म मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे’ (इब्ने माजा 224, म्हणजे त्या नावाच्या हदीससंग्रहातला क्रमांक) घ्या. ‘आलिमाच्या शाईचे मोल शहीदाच्या रक्ताहून अधिक’ आणि ‘वतनाचे प्रेम ईमानाचा भाग आहे’ ही दोन्ही वाक्ये हदीस म्हणून साबित नाहीत, कितीही गोड वाटली तरी. स्वच्छतेवर लिहायचे तर भिंतीवर रंगवलेले ‘स्वच्छता हा ईमानाचा भाग’ नको, ‘मुस्लिम’ या संग्रहातले (223) ‘पाकी हे अर्धे ईमान’ घ्या. आईच्या पायाखाली जन्नत हे प्रसिद्ध शब्द त्या रूपात कमजोर आहेत. नसाईत (3104) जिहादला जाऊ इच्छिणाऱ्या एकाला प्रेषितांनी (स.) ‘आईपाशी राहा, जन्नत तिच्या पायांखाली आहे’ असे सांगितल्याची रिवायत आहे, ती प्रसंगासह द्यावी.

हवाल्यात किताबचे नाव, प्रकरण आणि क्रमांक तिन्ही द्या. नुसता क्रमांक धोक्याचा असतो. वेगवेगळ्या छपाईत एकाच हदीसचा क्रमांक बदलतो, मोबाइल अॅपमधला आणखी वेगळा. प्रकरणाचे नाव असेल तर शोधणाऱ्याला सापडते. कुठली छपाई वापरली ते पान 2 वर एकदा लिहिले की पुरे. बुखारी आणि मुस्लिमबाहेरची हदीस असेल तर मुहद्दिसीनी तिला सहीह (विश्वसनीय), हसन (चांगली) की जईफ (कमजोर) म्हटले आहे तेही कंसात. आणि हदीसा थोड्या घ्या. इमाम नववींच्या ‘चाळीस हदीसां’त प्रत्यक्षात 42 आहेत आणि सातशे वर्षे त्या पुरल्या आहेत. 32 पानांत दहा-बारा भरपूर झाल्या.

जकातीचा आकडा

जकातीवर पुस्तिका काढणाऱ्यांसाठी एवढे एकच. निसाब (ज्यापासून जकात लागू होते ती मर्यादा) साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने, पण हा तोळा 11.664 ग्रॅमचा. म्हणजे चांदी 612.36 ग्रॅम, सोने 87.48 ग्रॅम. आजचा सराफ 10 ग्रॅमला तोळा म्हणतो. त्याने हिशोब केला की चांदी 525 ग्रॅमवर येते आणि निसाब चुकतो. ग्रॅमच छापा. रुपयांतली रक्कम छापू नका, भाव बदलला की पुस्तिका खोटी ठरते. उदाहरण सोडवून दाखवायचे तर ‘समजा चांदीचा भाव ग्रॅमला इतका’ असे लिहून आकड्याची जागा रिकामी ठेवा. वाचक त्या दिवशीचा भाव पेन्सिलीने भरतो. फित्र्याचेही (रमजानच्या ईदेला द्यायच्या दानाचेही) मसलकानुसार बदलते: हनफीत गव्हाचा अर्धा साअ (धान्याचे जुने माप), शाफईत पूर्ण साअ.

भाषा

उर्दूतून मराठीत आणताना दोन टोके होतात. एक: ‘वजूच्या फराइजपैकी एखादा फर्ज तर्क झाल्यास वजू साकित होतो.’ दुसरे: ‘शुद्धिविधीतील अनिवार्य कृतींपैकी एकीचाही लोप झाल्यास विधी निष्फळ ठरतो.’ हवे ते असे: ‘वजूतला एक जरी फर्ज सुटला तरी वजू होत नाही.’ जे शब्द घरात बोलले जातात (नमाज, रोजा, वजू, दुआ, जन्नत, सवाब, हलाल, मेहर) ते तसेच ठेवा. तौहीद, तकवा, आखिरत हे पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात उलगडा, पुढे तोच शब्द वापरा. प्रेषितांना ‘अवतार’ किंवा नमाजीला ‘पूजा’ म्हणणे अकीद्यातच चूक, आणि जिहादला सरसकट ‘धर्मयुद्ध’ म्हणणेही. लढाईला अरबीत किताल हा वेगळा शब्द आहे. ही यादी सुरुवातीलाच एका कागदावर करून अनुवादक, मांडणीवाला आणि तपासणारा, तिघांना द्या. नाहीतर पान 6 वर ‘प्रेषित’, पान 14 वर ‘पैगंबर’ आणि पान 20 वर ‘रसूल’ येतात, आणि नवखा वाचक हे तिघे वेगळे समजतो.

मसुदा तयार झाला की त्यातली आठ पाने तिघांना द्या: दहावीची मुलगी, रिक्षा चालवणारा भाऊ आणि वाचता न येणारी एखादी नानी, जिला वाचून दाखवायचे. ‘समजलं का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता तुम्ही मला सांगा, काय करायचं?’ असे विचारा. जिथे ते अडतात किंवा उलटे सांगतात त्या ओळी लिहा नव्याने.

दुसऱ्या धर्मांच्या श्रद्धांची टर उडवणारे, उर्दू मुनाजऱ्यातून (धार्मिक वादविवादातून) आलेले वाक्य मराठीत आणू नका. ते कामाचे नसतेच, शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम 299 (पूर्वीचे 295-अ) लागू होऊ शकते.

परवानगी

‘दीनचे काम आहे, परवानगी कशाला’ असे म्हणून सर्रास अनुवाद छापले जातात. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. थानवी 1943 मध्ये गेले, सय्यद सुलेमान नदवी 1953 मध्ये, मौलाना आझाद 1958 मध्ये. तिघांचे लेखन आता खुले आहे. मौलाना मौदूदी 1979 मध्ये गेले, हक्क 2039 अखेरपर्यंत. अबुल हसन अली नदवी 1999 मध्ये, म्हणजे 2059 अखेरपर्यंत. मूळ खुले असले तरी त्याचा अलीकडचा मराठी किंवा हिंदी अनुवाद खुला नसतो. कुरआनच्या मराठी तर्जुम्यातल्या ओळी घेतल्या तर कुठल्या तर्जुम्यातून घेतल्या ते लिहावे आणि लांब उतारे असतील तर प्रकाशकाला पत्र पाठवावे. बहुतेक संस्था होकार देतात, फक्त मजकुरात फेरफार करू नये एवढी अट असते.

नजरसानी (तपासणी) तिघांकडून

एकच आलिम सगळे तपासतो तेव्हा तो मसले पाहतो आणि आकडे सोडून देतो. काम तिघांत वाटा. हाफिज (ज्याला कुरआन पाठ आहे तो) फक्त अरबी पाहील, कुरआन समोर उघडून, आठवणीवर नाही. आठवण बरोबर असते म्हणूनच डोळा छापील चूक ओलांडून जातो. मुफ्ती किंवा आलिम मसले पाहतील. त्यांना मराठी वाचायला वेळ लागत असेल तर मजकूर वाचून दाखवा आणि हरकती समासात लिहून घ्या. तिसरा, बहुधा कॉलेजात शिकणारा कोणी, फक्त हवाले उलटून पाहील: प्रत्येक आकडा, प्रत्येक किताब. ही तपासणी मांडणी झाल्यानंतरच्या पानांवर करा. वर्डच्या फाइलवर केलेली तपासणी मांडणीत वाया जाते, कारण जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाताना ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ तुटतात आणि अरबीचा हमजा गळतो. सुधारणा केल्यावर सुधारलेले पान पुन्हा त्याच माणसाकडे गेले पाहिजे.

छपाई आणि पैसा

डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. 23 बाय 36 इंचाच्या एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून 32 पाने बसतात. म्हणून 500 प्रतींना एक रीम म्हणजे 500 ताव लागतात आणि पाचेक टक्के नासाडी धरावी. आत 70 जीएसएम (कागदाच्या वजनाचे माप) मॅपलिथो पुरे. 60 चा घेतला तर अरबीची जाड रेघ मागच्या पानावर दिसते. मुखपृष्ठ 250 जीएसएम आर्ट कार्ड. बांधणी मधल्या पिनेची, पुस्तिका उघडी राहते आणि वजू करताना समोर ठेवता येते. 300 च्या आत प्रती असतील तर डिजिटल स्वस्त पडते, त्यापुढे ऑफसेटचा भाव विचारा. पानांची संख्या 16 च्या पटीत ठेवा. 34 पाने झाली की दोन पानांसाठी वेगळा ताव लागतो.

मुखपृष्ठावर कुरआनच्या अरबी ओळी नकोत. पुस्तिका पिशवीत, सीटवर, खिशात जाते. आयबीएसएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. लहान प्रकाशक हे हमखास विसरतात.

पैसे बहुधा एसाले सवाबच्या (मृताला सवाब पोचावा या) नियतीने मिळतात. मरहूमाच्या नावाची एक ओळ पान 2 वर द्या, फोटो आणि पूर्ण पानाची जाहिरात नको. जकातीच्या पैशातून छापखान्याचे बिल भागवू नये. हनफी मसलकात जकात अदा व्हायला गरीब हकदाराला मालक करणे, तमलीक, लागते आणि फुकट वाटलेल्या पुस्तिका सगळ्याच हकदारांच्या हातात जात नाहीत. छपाईसाठी इमदादची (देणगीची) वेगळी रक्कम उभी करा आणि पावतीवर तसे लिहा. थोडी तरी किंमत ठेवावी, पाच-दहा रुपये का होईना. फुकट घेतलेली पुस्तिका जुलूसात पायांखाली सापडते.

वाटप, वाचन आणि जुनी पाने

500 प्रती एका जुम्याला दारात उभे राहून वाटू नका. मशिदीत इशानंतर दहा मिनिटांची तालीम (एकत्र वाचन) चालते तिथे ही पुस्तिका पाच-सहा दिवस वाचा. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द होतात, सहा हजार शब्द पाच-सहा बैठकींत संपतात. पहिल्या दिवशी प्रती देऊ नका, शेवटच्या दिवशी द्या. ऐकलेलीच पुस्तिका घरी नेणारा ती उघडतो. बायकांच्या इज्तिमात (मेळाव्यात) वाचणारी बाईच हवी आणि प्रश्न चिठ्ठीवर घ्यावेत, मसले खासगी असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नाही त्याचे उत्तर वाचणारीने देऊ नये, चिठ्ठी मुफ्तींकडे पाठवावी आणि पुढच्या बैठकीत सांगावे.

मोबाइलसाठी छापील पीडीएफ पाठवून उपयोग नाही, पान बोटांनी मोठे करत कोणी सहा हजार शब्द वाचत नाही. अरुंद पान, 16 पॉइंटचे अक्षर, अशी वेगळी फाइल करा आणि तिच्यात आवृत्तीची तारीख प्रत्येक पानाच्या तळाला टाका, कारण व्हॉट्सअॅपवर जुनी फाइल वर्षानुवर्षे फिरत राहते. पत्रक काढायचे असेल तर त्यात अरबी नकोच. फक्त मराठी अर्थ आणि हवाला.

मशिदीत पुस्तिकांची फळी कमरेच्या वर आणि चपलांच्या स्टँडपासून दूर हवी. जीर्ण प्रतींसाठी मुकद्दस औराकची (पवित्र पानांची) पेटी ठेवा. भरली की पाने स्वच्छ कापडात गुंडाळून जिथे पायवाट नाही तिथे पुरतात, किंवा रिवाजाप्रमाणे वाहत्या खोल पाण्यात थंड करतात, म्हणजे सोडतात. पिना आधी काढा. रद्दीवाल्याला एकही प्रत जाऊ नये, छापखान्यातले खराब तावही मोजून परत घ्या.

चुका कळवणारे फोन येतीलच. एका वहीत पान, ओळ, काय चुकले आणि कोणी तपासून मान्य केले, असे चार रकाने ठेवा. अरबी किंवा मसल्याची चूक असेल तर उरलेल्या प्रतींत त्याच आठवड्यात चिठ्ठी चिकटवा, नुसती ठेवलेली चिठ्ठी पडते. शुद्धलेखनाची चूक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबू शकते. दुसरी आवृत्ती दोन हजारांची काढायला हरकत नाही, पण वहीतली प्रत्येक नोंद फाइलमध्ये गेली हे तिसऱ्या माणसाने खूण करून दाखवल्यावरच.